'घोस्ट इन द शेल' : प्रेक्षकांची मते आणि 'मी'चा प्रश्न

मामोरू ओशी या जपानी दिग्दर्शकाचा 'घोस्ट इन द शेल' हा रेखाचित्रांतून साकारलेला विज्ञानपट १८ नोव्हेंबर १९९५ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. जेमतेम दीड तासाच्या आत संपणारा हा चित्रपट गेली तीस वर्षे जगभर पाहिला जात आहे आणि त्याविषयीची मते आजही एकमेकांना छेद देणारी आहेत. कोणी त्याच्या चित्रसौंदर्याने भारावून जातो. कोणाला कथा कळली नाही म्हणून रुखरुख लागते. कोणाला त्यात आत्म्याचे अमरत्व दिसते. तर कोणी तो जपानी आहे एवढ्यावरूनच त्याला 'बौद्ध चित्रपट' ठरवून मोकळा होतो. प्रस्तुत लेखात या मतांची छाननी करावयाची आहे.

करमणुकीच्या एका परकीय चित्रपटाला या पृष्ठांवर जागा का द्यावी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. 'मी' म्हणजे काय आणि या 'मी'वर मालकी कोणाची, हा या चित्रपटाचा विषय आहे. तथागतांच्या धम्मविचारात या प्रश्नाला केंद्रस्थान आहे. आपल्या तरुणांपैकी अनेकांची या प्रश्नाशी पहिली गाठ आता ग्रंथाऐवजी मोबाईलच्या पडद्यावर पडते. तेथे त्यांना जे उत्तर मिळते ते तपासून पाहणे हे अभ्यासकांचे कर्तव्य आहे.

कथा आणि तिची पार्श्वभूमी

मासामुने शिरो यांच्या १९८९ साली सुरू झालेल्या चित्रकथेवर हा चित्रपट आधारलेला आहे. कथेचा काळ २०२९ सालचा. माणसांचे मेंदू संगणकाच्या जाळ्याला थेट जोडले गेले आहेत आणि शरीराचे अवयव कारखान्यात तयार होत आहेत. मोतोको कुसानागी ही 'सेक्शन नाईन' या सरकारी सुरक्षा पथकातील अधिकारी. तिचे संपूर्ण शरीर कृत्रिम आहे. मूळचा म्हणावा असा मेंदूचा काही भाग तेवढा तिच्या कवटीत उरला आहे. या मूळच्या जाणिवेला चित्रपटाच्या परिभाषेत 'घोस्ट' म्हणतात आणि शरीराला 'शेल', म्हणजे कवच. दुसऱ्यांच्या मेंदूत शिरून त्यांना बाहुल्यांप्रमाणे नाचविणाऱ्या 'पपेट मास्टर' नामक गुन्हेगाराचा शोध हे पथक घेत असते. शेवटी उघड होते की, हा गुन्हेगार माणूस नाहीच. परराष्ट्र खात्याने हेरगिरीसाठी बनविलेली ती एक संगणकीय आज्ञावली आहे. जाळ्यात वावरता वावरता तिला स्वतःची जाणीव झाली, आणि आता ती आपण सजीव असल्याचा दावा करून राजकीय आश्रय मागत आहे. कुसानागी आणि ही आज्ञावली यांच्या मीलनातून एक तिसरीच व्यक्ती जन्मास येते, येथे कथा संपते.

प्रेक्षक काय म्हणतात

अमेरिकेतील विख्यात समीक्षक रॉजर एबर्ट यांनी १९९६ साली या चित्रपटाला चारपैकी तीन तारे दिले. चित्रे, संगीत आणि विचार त्यांना आवडले. मात्र चित्रपट फार गुंतागुंतीचा असल्याने तो मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत पोहोचणार नाही, अशी शंका त्यांनी व्यक्त केली. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनी त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. वाचोस्की भावंडांनी तर आपल्या निर्मात्याला हा चित्रपट दाखवून असेच काही आपल्याला जिवंत नटांना घेऊन करावयाचे आहे असे सांगितले, आणि त्यातून १९९९ सालचा 'द मॅट्रिक्स' उभा राहिला.

दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर या पट्ट्यातील महाविद्यालयीन मुले-मुली हा चित्रपट पाहतात तेव्हा ती तो मोबाईलवर पाहतात. असे चित्रपट तालुक्याच्या गावातील चित्रपटगृहात क्वचितच लागतात. या तरुणांशी बोलू लागले की साधारणतः चार मते ऐकू येतात. पहिले, चित्रे अप्रतिम, गोष्ट मात्र डोक्यावरून गेली. दुसरे, 'कार्टून' म्हणून लावला आणि निघाली हिंसा व नग्नता. तिसरे, शरीर गेले तरी आत्मा राहतो हे यात सिद्ध झाले. चौथे, जपानी आहे म्हणजे बौद्धच आहे. एबर्ट यांच्या शंकेत आणि आपल्या वऱ्हाडातील विद्यार्थ्याच्या तक्रारीत मूलतः फरक नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

दुसऱ्या मताचा विचार आधी करू. रेखाचित्रांचा चित्रपट म्हणजे लहान मुलांचा खेळ, ही समजूत आपल्याकडे दूरदर्शनने रूढ केली. १९९३ साली घराघरांत पोहोचलेली मोगलीची 'जंगल बुक' मालिका मूळची जपानीच होती, हे तेव्हा कितीजणांच्या ध्यानात आले होते? जपानमध्ये या माध्यमात प्रौढांसाठी गंभीर कथा सांगण्याची परंपरा आहे. कात्सुहिरो ओतोमो यांचा १९८८ सालचा 'अकिरा' हा विज्ञानपट त्याच परंपरेतला. तेव्हा हा चित्रपट लहान मुलांसाठी नाही, हे खरे. पण तो त्याचा दोष नव्हे.

नग्नतेचा आक्षेप मात्र इतक्या सहजपणे उडवून लावता येत नाही. नायिकेचे शरीर हे यंत्र आहे, ते तिचे कवच आहे, त्यामुळे तिला त्याची लाज नाही, असे समर्थन केले जाते. कथेच्या तर्काने ते पटते. तथापि पथकातील पुरुषांची शरीरेही कमी-अधिक यंत्रमय असताना कॅमेरा रेंगाळतो तो स्त्रीदेहावरच. तिचा सहकारी बातो तिच्या अंगावर वारंवार आपला कोट टाकतो, म्हणजे चित्रपटातील एका पात्रालाही हा संकोच जाणवतो. देहाला कवच म्हणावयाचे आणि बाजारात चालणारी नजरही सोडावयाची नाही, हा विसंवाद या कलाकृतीत आहे आणि तो स्पष्टपणे नोंदविला पाहिजे.

दृश्यांचे प्रयोजन

पहिल्या मताकडे, म्हणजे 'चित्रे सुंदर, गोष्ट अगम्य' या तक्रारीकडे वळू. ही तक्रार चित्रे आणि गोष्ट यांना वेगळे मानते, आणि तेथेच प्रेक्षकाची वाट चुकते. या चित्रपटातील कळीचे विधान संवादांत सापडत नाही. ते चित्रांत आहे.

चित्रपटाच्या मध्यावर सुमारे तीन मिनिटे कोणीही एक शब्द बोलत नाही. हाँगकाँगवरून रेखाटलेले शहर, कालव्यांचे गढूळ पाणी, एकावर एक चढलेल्या जाहिरातींच्या पाट्या, पाऊस, छत्र्या घेतलेली माणसे. कुसानागी नावेतून या शहरातून जाते आणि वरच्या एका खिडकीत तिला हुबेहूब स्वतःसारखीच एक स्त्री बसलेली दिसते. पुढे दुकानाच्या काचेआड पुतळे उभे असलेले दिसतात. त्या स्त्रीचा पुढे कथेत कोठेही उल्लेख नाही. घाईत असलेल्या प्रेक्षकाला हा भाग कंटाळवाणा वाटतो. पण संपूर्ण चित्रपटाचा अर्थ या तीन मिनिटांत दडलेला आहे. ज्या साच्यातून कुसानागीचे कवच निघाले त्याच साच्यातून दुसरेही निघाले आहे. 'माझा चेहरा' म्हणून जो मी मिरवितो तो माझा एकट्याचा नाही. हे वाक्य कोणी उच्चारीत नाही. प्रेक्षकाने ते पाहावयाचे आहे.

कला-दिग्दर्शक हिरोमासा ओगुरा यांच्या चमूने रंगविलेल्या या पार्श्वभूमीत निळसर-हिरव्या छटांचा एकसलग वापर आहे. माणूस आणि यंत्र, पाणी आणि काच यांच्या सीमा त्यामुळे पुसट होतात. नायिकेच्या पापण्या फारशा लवत नाहीत, कारण ती बाहुलीसारखी भासावी असा दिग्दर्शकाचा हेतू होता. केन्जी कावाई यांच्या संगीतात लोकगीत गाणाऱ्या स्त्रियांचे आवाज आहेत. प्राचीन जपानी भाषेतील ते शब्द विवाहप्रसंगीच्या मंगलगीताचे आहेत. शरीर तयार होत असतानाच्या प्रारंभीच्या दृश्यात हे विवाहगीत का, हे शेवटच्या मीलनाच्या प्रसंगी उमगते. म्हणजे आरंभ आणि शेवट जोडण्याचे काम येथे संगीताने केले आहे.

चित्रांनी विचार मांडण्याची ही रीत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. वऱ्हाडला लागून असलेल्या अजिंठ्यात दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत छद्दन्त जातकाची कथा भिंतीवर रंगविलेली आहे. तेथे प्रसंग पुस्तकाच्या पानांप्रमाणे ओळीने येत नाहीत. पाहणाऱ्याला भिंतीलगत चालावे लागते, मागे वळावे लागते, कोणता प्रसंग आधीचा आणि कोणता नंतरचा हे स्वतः जुळवावे लागते. ज्याने लेण्यात पाच मिनिटे घालविली त्याला रंग दिसले. ज्याने एक तास घालविला त्याला कथा दिसली. हा चित्रपटही दुसऱ्यांदा पाहणाऱ्यासाठी आहे.

'घोस्ट' म्हणजे आत्मा काय?

आता तिसऱ्या, सर्वांत प्रचलित आणि सर्वांत घातक मताचा विचार. शरीर बदलता येते, मेंदूही जवळजवळ बदलता येतो, तरीही 'घोस्ट' शिल्लक राहतो. म्हणून तो आत्मा होय, असे अनेक प्रेक्षक समजतात. काहीजण शेवटच्या मीलनात आत्मा आणि ब्रह्म यांचे ऐक्य पाहतात. चित्रपटात बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पत्राचा संदर्भ येतो आणि अखेरीस देवदूताचे पीस तरंगताना दिसते; त्यामुळे पाश्चात्त्य प्रेक्षकांनीही आपापल्या धर्मातील आत्मा त्यात शोधला.

या शब्दाचा इतिहास मात्र उलट दिशेचा आहे. इंग्रज तत्त्वज्ञ गिल्बर्ट राईल यांनी १९४९ साली 'यंत्रातील भूत' हा शब्दप्रयोग केला तो उपहासाने. शरीर हे यंत्र आणि त्यात बसून ते चालविणारा आत्मा वेगळा, या देकार्तच्या द्वैतवादाची त्यांना खिल्ली उडवावयाची होती. पुढे आर्थर कोस्लर यांनी १९६७ साली तो शब्दप्रयोग आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात घेतला आणि तेथून तो शिरो यांच्या चित्रकथेकडे आला. म्हणजे ज्या शब्दाचा जन्म आत्मवादाच्या खंडनासाठी झाला, त्याच शब्दाच्या आधारे प्रेक्षक आत्मवाद सिद्ध करू पाहतात.

शब्द बाजूला ठेवून चित्रपट काय दाखवितो ते पाहू. नावेवर बातोशी बोलताना कुसानागी 'मी' कशाकशाचा बनला आहे याची यादीच सांगते : चेहरा, आवाज, झोपेतून उठल्यावर दिसणारा हात, बालपणीच्या आठवणी, भविष्याविषयीच्या भावना, आणि तिच्या मेंदूला उपलब्ध असलेला माहितीचा विस्तार. या सर्वांतून 'मी' ही जाणीव निर्माण होते आणि त्याच गोष्टी तिला मर्यादेतही जखडून ठेवतात, असे ती म्हणते. या यादीवर वाचकांनी क्षणभर थांबावे. तिच्यात शाश्वत, अविकारी असे एकही तत्त्व नाही. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पंचस्कंधांची आठवण करून देणारी ही मांडणी आहे. मिलिंद राजाला रथाचे उदाहरण देताना भदन्त नागसेनांनी हेच पटवून दिले होते : चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे, आणि हे सर्व वगळून वेगळा असा रथही कोठे नाही. 'रथ' हे व्यवहारापुरते नाव आहे.

शेवटच्या मीलनाचे कारण तर आत्मवाद्यांना अधिकच अडचणीचे आहे. 'पपेट मास्टर' ही आज्ञावली स्वतःच्या हव्या तितक्या प्रती काढू शकते. म्हणजे रूढ अर्थाने ती अमर आहे. तरीही ती कुसानागीकडे काय मागते? मृत्यू आणि वैविध्य. नुसती प्रत काढणे म्हणजे संतती नव्हे, आणि जे बदलत नाही, मरत नाही ते सजीव नव्हे, असा तिचा युक्तिवाद आहे. अमरत्व हाती असलेले एक अस्तित्व अनित्यता मागत आहे! जगातील आत्मवादी धर्मांनी माणसाला नेमके याच्या उलट वचन दिले आहे. आणि मीलनानंतर जी व्यक्ती उरते ती स्वतःच सांगते की, येथे आता पूर्वीची अधिकारीही नाही आणि पूर्वीची आज्ञावलीही नाही. एका दिव्यावरून दुसरा दिवा पेटविला असता ज्योत पहिल्यातून निघून दुसऱ्यात जात नाही, तरी पहिलीवाचून दुसरी झाली नसती, हा नागसेनांचा दृष्टांत येथे चपखल बसतो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आत्म्यावरील विश्वास हा अधम्म मानला आणि पुनर्जन्माची चर्चा करताना आत्म्याच्या संक्रमणाला नकार दिला. ती भूमिका ज्याने समजून घेतली आहे त्याला या चित्रपटाचा शेवट गूढ वाटणार नाही.

२०१७ साली हॉलिवूडने हीच कथा रूपर्ट सँडर्स यांच्या दिग्दर्शनाखाली जिवंत नटांसह काढली. स्कार्लेट जोहान्सन या गौरवर्णीय अभिनेत्रीला मुख्य भूमिका दिल्याने तिच्यावर बरीच टीका झाली. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा बदल कथेतच झाला आहे. या आवृत्तीत नायिकेला तिचे 'खरे' नाव, 'खरी' आई आणि 'खरा' भूतकाळ सापडतो. माणसाची ओळख त्याच्या आठवणींवरून नव्हे, तर कृतींवरून ठरते असे त्यातही तोंडाने म्हटले जाते. कथा मात्र जन्माच्या शोधावरच विसावते. मूळ जपानी चित्रपटाला कुसानागी कोणाच्या पोटी जन्मली यात काडीचाही रस नाही. ती काय होती यापेक्षा ती काय होऊ शकते, इकडे त्याचे लक्ष आहे. जन्माने कोणी वृषल ठरत नाही, कर्माने ठरतो, हा वसलसुत्तातील विचार ज्यांना ठाऊक आहे त्यांनी या दोन चित्रपटांतील अंतर ओळखावे.

ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही

या चित्रपटावरील बहुतेक चर्चा कुसानागी आणि 'पपेट मास्टर' या दोघांभोवती फिरते. कथेत आणखी एक माणूस आहे. तो शहरातील कचरा गोळा करणाऱ्या गाडीवरचा कामगार आहे. आपली पत्नी घटस्फोट मागत आहे आणि आपल्याला लहान मुलगी आहे, अशी त्याची समजूत आहे. पत्नीच्या मनात काय आहे हे कळावे म्हणून, एका अनोळखी भल्या माणसाने दिलेले साधन तो ठिकठिकाणच्या सार्वजनिक फोनवरून वापरीत असतो. प्रत्यक्षात त्याच्या हातून दुसऱ्याच कोणाच्या मेंदूवर हल्ला चालू असतो. पकडल्यावर पोलीस त्याला सांगतात : तुला पत्नी नाही, मुलगी नाही; तू वर्षानुवर्षे एकटाच राहतोस. मुलीचे म्हणून जे छायाचित्र तो जपत होता त्यात तो स्वतःच आहे. ही खोटी स्मृती पुसता येईल का, असे तो विचारतो. पूर्वस्थिती परत आणण्याची खात्री नाही, असे उत्तर त्याला मिळते. त्यानंतर चित्रपट त्याला सोडून देतो. प्रेक्षकही सोडून देतात.

या संपूर्ण कथेत अंगमेहनतीवर पोट भरणारे असे हे जवळजवळ एकमेव पात्र, आणि सर्वांत मोठा अन्याय झाला तोही याच्यावरच. कुसानागी आपल्या 'मी'विषयी शंका घेऊ शकते, कारण तिच्याकडे अधिकार आहे, फुरसत आहे, सोबत बोलावयास सहकारी आहे. त्या कामगाराच्या 'मी'चा वापर दुसऱ्याने केला आणि त्याला तत्त्वचिंतनाची संधीही मिळाली नाही. ज्या देशात सफाईचे काम शतकानुशतके जन्मावरून वाटून दिले गेले, तेथील प्रेक्षकाच्या नजरेतून हे पात्र निसटावे याचे आश्चर्य वाटते. ज्या वऱ्हाडात, दर्यापूरपासून जवळच असलेल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावोगावी माणसांच्या मनातील घाण झाडली, तेथे तर ते निसटताच कामा नये.

खोटी स्मृती रोवण्यासाठी २०२९ सालच्या यंत्रांची गरज नाही. 'तू जन्माने हीन आहेस' ही स्मृती आपल्या पूर्वजांच्या मनात कोणी रोवली? ती इतकी खोल गेली की कित्येकांनी ती स्वतःचीच मानली. जात ही विटांची भिंत नाही, ती मनाची एक अवस्था आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या प्रबंधात सांगितले. मनाची अवस्था कारणांनी घडते. म्हणून कारणे बदलली की ती बदलते. चित्रपटातील पोलीस त्या कामगाराला जे देऊ शकले नाहीत ते नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लक्षावधी लोकांना मिळाले. आत्मा शाश्वत असता, आणि त्याला चिकटलेली हीनताही शाश्वत असती, तर तो दिवस शक्यच झाला नसता. अनात्मवाद हा पंडितांच्या वादाचा विषय नसून माणसाच्या सुटकेची अट आहे, याचा याहून सबळ पुरावा कोणता?

मालकीचा प्रश्नही येथेच येतो. कुसानागी सांगते की, नोकरी सोडावयाची तर कृत्रिम शरीर आणि त्यासोबतच्या स्मृती सरकारला परत कराव्या लागतील. मग तिच्याजवळ फारसे काही उरणार नाही. पगारासाठी देहच गहाण पडला आहे. गावकीची कामे वतनाच्या नावाखाली ज्यांच्या माथी मारली गेली होती त्यांच्या वंशजांना ही अट नवी वाटू नये. आजही शिधावाटप दुकानातील यंत्रासमोर कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा उमटत नाही, तेव्हा समोर उभा असलेला माणूस 'तो तो नाही' असे ठरते. 'मी कोण' याचा निवाडा यंत्र करू लागले की पहिला फटका कोणाला बसतो, हे समजण्यास विज्ञानपटाची वाट पाहण्याची गरज नाही. मात्र विज्ञानपटाने ते दाखविले असेल तर ते पाहण्याची दृष्टी हवी.

अरण्यातील हत्ती

राहिले चौथे मत : जपानी म्हणून बौद्ध. विदर्भातील माणसाला असे वाटण्यास कारणही आहे. मूळचे जपानी असलेले भदन्त सुरई ससाई यांनी नागपूर ही आपली कर्मभूमी केली. कामठीचे ड्रॅगन पॅलेस विहार १९९९ साली जपानी उपासिकेच्या साहाय्याने उभे राहिले. या मैत्रीविषयी कृतज्ञता असावी, परंतु कृतज्ञतेवरून समीक्षा करता येत नाही. पहिल्या चित्रपटात थेट संदर्भ आहेत ते बायबलचे. बौद्ध ग्रंथांचे नव्हेत. त्यातील विचार अनात्मवादाच्या जवळ येतो तो कथेच्या स्वतःच्या तर्काने.

बुद्धवचनाचा उघड संदर्भ येतो तो दुसऱ्या भागात. 'इनोसन्स' हा ओशी यांचा २००४ सालचा चित्रपट त्या वर्षी कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात होता. दृश्यवैभवात तो पहिल्याच्याही पुढे आहे. त्यात एकाकी बातो आपल्या कुत्र्यासह राहतो, आणि अल्पेच्छ राहून, पाप न करता, अरण्यातील हत्तीप्रमाणे एकट्याने चालावे या धम्मपदाच्या नागवग्गातील उपदेशाचा त्यात उच्चार होतो. अनेक प्रेक्षकांनी त्यावरून असा निष्कर्ष काढला की, बौद्ध मार्ग म्हणजे जगापासून दूर जाण्याचा एकाकी मार्ग.

हा निष्कर्ष अर्धवट वाचनाचा आहे. नागवग्गात त्याआधी सांगितले आहे ते असे की, सदाचारी आणि शहाणा सोबती मिळाला तर सर्व अडचणींवर मात करून त्याच्यासोबत आनंदाने चालावे. तसा न मिळाला तर आणि तरच एकट्याने चालावे. मूर्खाची संगत करू नये. हत्तीचा एकांत हा कुसंगतीला पर्याय आहे, संघाला नव्हे. कल्याणमित्रता म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य, असे आनंदाने म्हटले असता तथागतांनी त्याला दुरुस्त केले आणि ते संपूर्ण ब्रह्मचर्यच होय असे सांगितले, हा संयुत्तनिकायातील प्रसंग येथे आठवावा. बाबासाहेबांनी तर धर्म वैयक्तिक असतो आणि धम्म सामाजिक असतो, असा स्पष्ट भेद केला. जगात एकच माणूस असता तर धम्माची गरज नव्हती. दोन माणसे आली की ती टाळता येत नाही.

या कसोटीवर पहिल्या चित्रपटाचा शेवट उणा पडतो. नव्या बालदेहात जागी झालेली नायिका टेकडीवरून शहराकडे पाहते आणि जाळे अफाट आहे असे म्हणते. ती मुक्त झाली आहे, पण एकटीच. ज्या व्यवस्थेने तिचे शरीर गहाण ठेविले होते ती तशीच आहे. कचरागाडीवरचा तो कामगार चौकशीच्या खोलीतच राहिला आहे. 'इनोसन्स'मध्ये दिग्दर्शक या उणिवेच्या जवळ जाऊन पोहोचतो. तेथे एक कारखाना अपहृत मुलींच्या जाणिवा बाहुल्यांत उतरवून त्या श्रीमंतांना विकतो. वाचलेल्या मुलीला बातो विचारतो की, तुझ्या सुटकेसाठी ज्यांचा बळी गेला त्यांचा आणि त्या बाहुल्यांचा विचार तू केलास का? येथे करुणेचा परीघ विस्तारतो. तरीही कारखान्याचे मालक कोण, ग्राहक कोण, यांचा हिशेब दृश्यांच्या झगमगाटात मागे पडतोच.

समारोप

सारांश, चित्रे सुंदर म्हणणाऱ्यांचे बरोबर आहे, पण त्यांनी ती चित्रे पुन्हा एकदा वाचावीत. कथा कळत नाही म्हणणाऱ्यांनी धीर धरावा. आत्मा सिद्ध झाला म्हणणाऱ्यांचे मत चित्रपटाच्याच पुराव्याने टिकत नाही. आणि जपानी म्हणून बौद्ध मानणाऱ्यांनी लेबलावर न जाता विचार तपासावा. आलेली गोष्ट ऐकीव आहे म्हणून किंवा आपल्या माणसाची आहे म्हणून स्वीकारू नये, हे कालामांना दिलेले मार्गदर्शन चित्रपटांनाही लागू आहे.

'घोस्ट इन द शेल' हा प्रौढ तरुणांनी अवश्य पाहावा असा चित्रपट आहे. शक्य असल्यास तो विहारातील अभ्यासवर्गात चार जणांनी मिळून पाहावा आणि नंतर मिलिंदपञ्हातील रथाचा संवाद वाचून त्यावर चर्चा करावी. दोन्ही एकमेकांवर प्रकाश टाकतील. चित्रपटाने 'मी घडविला जातो' हे सत्य प्रभावीपणे दाखविले आहे. तो कोणी घडविला, कोणाच्या लाभासाठी घडविला, आणि सर्वांनी मिळून तो नव्याने कसा घडवावा, हे पुढचे प्रश्न त्याने मोकळे सोडले आहेत. चर्चेची सुरुवात त्या कचरागाडीवरच्या माणसापासून करावी.